पोटखराब

एकतीस वर्षं मी रेघा ओढल्या
कॅम्पातल्या दगडी कचेरीत, उत्तरेच्या खिडकीशी.
हात स्थिर. शाई काळी. चहा लांबच्या स्टुलावर,
कारण नकाशावर थेंब सांडला
तर कुणाच्या तरी विहिरीचं तळं होतं.

गोऱ्या साहेबाच्या काळची मूळ शीट मेणकापडावर,
कोपरे कसरीने खाल्लेले.
मोसे खोऱ्याच्या वरच्या अंगाला, खैराच्या रानात,
कुणीतरी बारीक टाकाने दिलेले सतरा ठिपके.
झोपड्या.
मी विचारलं, हे उतरवायचे का?
बेंद्रे म्हणाले, गावठाण आहे? नाही.
सातबारा? नाही.
मग धूळ समज.

मी धूळ समजलो.
नव्या शीटवर वळणदार अक्षरात लिहिलं :
पोटखराब, वर्ग अ.
म्हणजे ज्यावर आकार बसत नाही.
पीक नाही, म्हणून माणूस नाही.
जमिनीला पोट असतं आणि ते खराब होतं,
हा शब्द कुणी काढला कोण जाणे.
ज्याने काढला तो जेवून बसला असणार.

चांगुणा हिलम आली तेव्हा मे महिना होता.
नखांत कोळशाच्या भट्टीची काळी,
हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, तेही दुसऱ्या तालुक्याचं.
तिला वाचता येत नव्हतं.
तिने नकाशावर बोट ठेवलं,
अचूक,
माझी मोजपट्टी सरकायच्या आत.
हा ओहोळ, म्हणाली, ह्याला आम्ही एका नावाने हाक मारतो,
ह्या पलीकडच्याला वेगळ्या.
मी दोन्हींवर नाला लिहिलं होतं.

पुरावा काय, बाई?
इथं दगड आहे. दगडाखाली माझी दोन पोरं.
दगड दाखल होत नाही, मी म्हणालो.
आवाज चढवला नाही.
मी कधीच आवाज चढवला नाही.

आता तिथे गेट आहे आणि गेटवर बिहारचा पोरगा.
रविवारच्या पेपरात पानभर :
निसर्गाच्या कुशीत, पुण्यापासून फक्त दीड तास,
क्लिअर टायटल.
रस्त्यांना तोडलेल्या झाडांची नावं.
माझ्या साडूचा बंगला खैर अव्हेन्यूला,
कॉर्नर प्लॉट.

मुलगी ॲडलेडला सेटल झाली.
सेटल : हा शब्द आमच्या घरी पेढ्यांबरोबर आला.
परवा फोनवर सांगत होती,
नातवाच्या शाळेत कार्यक्रमाआधी सगळे उभे राहतात
आणि म्हणतात, ही भूमी अमक्या लोकांची.
त्याला ते नाव बिनचूक म्हणता येतं.
मी विचारलं, ते लोक आले होते का?
रेंज गेली, नाहीतर ती गप्प झाली.
मग म्हणाली, बाबा, मारलं ना त्यांना.
बंदुकीनं, देवीच्या साथीनं, पोरं आयांच्या हातून ओढून नेऊन.
आहेत अजून.
पण आमच्या सबर्बात नाहीत.

आपल्याकडे असं काही झालं नाही, मी म्हणालो.
आपल्याकडे कुणी बंदूक चालवली नाही.
म्हणताना उजवा हात, जो आता चहाचा कपही धड धरत नाही,
एकदम स्थिर झाला.

रात्री माळ्यावरून जुनं ट्रेसिंग काढलं.
बायको म्हणाली, आता कशाला?
सतरा ठिपके द्यायला बसलो.
पाचव्याला हात सुटला,
फराटा थेट धरणाच्या पाण्यात गेला.
बाकीच्या बारा जागा मला आठवत नाहीत.
तिचं बोट आठवतं.
ते कुठे टेकलं होतं ते नाही,
फक्त बोट.

सहाला नळ आला.
वरून, त्याच खोऱ्यातून.
मी उठून बादली लावली.